आईच्या थडग्याची भेग

११ जानेवारी
आईच्या थडग्याला भेग गेली! तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, आधीच्या साफसफाईला सगळे मागच्या बागेत जमलो होतो. मी शेवाळ खरवडत होते — डोक्यापासून पायापर्यंत चीर, बोट जाईल एवढी. बाबांनी उदबत्ती लावली आणि घरात येताच साऊकाकूंना निरोप धाडला, आपलं लग्न होणार नाही. "तुझ्या आईला पसंत नाही," एवढंच मला म्हणाले.

१२ जानेवारी
खरं सांगायचं तर हायसं वाटलं. शेजारच्या साऊकाकू विधवा, स्वभावानं बऱ्या, पण फार मोठ्यानं हसतात. आईच्या स्वयंपाकघरात ते हसणं? नको. पण बाबा जेवले नाहीत.

१४ जानेवारी
आईची माफी मागून खालच्या बाजूचा एक टवका छिन्नीनं काढला. कान्थोला, माझ्या प्रयोगशाळेत नेते. रोज परक्यांचं सिमेंट तपासायचं, एकदा घरचं.

१९ जानेवारी
सूक्ष्मदर्शकाखाली सुयाच सुया! आमची जमीन तुरटीची, पाण्यात आम्ल आणि सल्फेट. ते काँक्रीटमध्ये मुरलं की सिमेंटातल्या चुन्याशी आणि ॲल्युमिनाशी मिळून हे सुईसारखे स्फटिक होतात, फुगतात, आतून फोडतात. चुन्याचा जोर आहे तोवरच सुया टिकतात. बाहेरच्या थरात आम्लानं तो संपलाय, तिथे नुसता जिप्समचा मऊ भुगा.
थडगं बांधताना बाबांच्या हाताशी असलेल्या लामदादाला फोन केला. बाबांनी कालवायला मुद्दाम मागच्या चरातलं पाणी घेतलं होतं म्हणे. कालव्याचं गढूळ, ते काचेसारखं. आईसाठी स्वच्छच हवं! तुरटीचं पाणी नितळच असतं. पिकाला चालत नाही हे बाबा जाणतात, पण सिमेंटचं कुणाच्या मनात येतंय.

२० जानेवारी
सांगावं का? गप्प बसले तर लग्नाचा विषय मिटलाच. दिवसभर स्वतःवरच चिडलेय.

२३ जानेवारी
सांगितलं. सुयांचा फोटो बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
"म्हणजे ती रागावली नव्हती?"
"नाही, बाबा."
फोटो परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "म्हणजे ती काही बोललीच नाही."
मला तिथेच रडू आलं.

३ फेब्रुवारी
जुनं फोडून नवं सुरू. सल्फेटला दाद न देणारं सिमेंट मी आणलं, पाणी रांजणातलं, पावसाचं. गवंड्यानं शेजारी शेजारी दोन जागा आखल्यात — आईची आणि बाबांची. कुणी सुचवलं, विचारलं. साऊकाकूंनी. बाबांना म्हणाल्या, "तिच्या शेजारची जागा तुमचीच राहू दे. तोवर जेवायला माझ्याकडे या."