लांब बाजू पुढे

३ तारीख, सोमवार
आमच्या ट्रकचे मागच्या डाव्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेत. खड्डा आला की मागे कुणी डबे आपटतंय असं वाटतं. मेकॅनिक म्हणाला, दोन दिवस गाडी सोडून जा. त्याच्या गॅरेजातलं ते चिकट स्टूल, ती तेलकट फडकी! शी! घरीच करायचं ठरवलं. येत्या रविवारी हिच्या नर्सरीची झाडं हॉटेलात पोहोचवायचीत. वर्षभर मागे लागून मिळवलेली ऑर्डर आहे. हिला सांगितलं, गुरुवारी गाडी तयार.

४, मंगळवार
व्हिडिओ पाहिला. अर्धाच. तो माणूस तेच तेच सांगत होता.

५, बुधवार, सकाळ
जॅक लावून गाडीखाली शिरलो. काय ती घाण! गंजाचा खपला डोळ्यात, ग्रीस कानात. पाट्यांच्या टोकाच्या बुशचं रबर सडून त्याचा काळा चिखल झालाय, बोटांवरून सुटत नाही. सासरे खुर्ची टाकून बसलेत. विचारलं, जावईबापू, हे आधी कधी केलंय का? मोठ्यांना उलट बोलू नये म्हणून गप्प राहिलो.

दुपार
एकही नट हलला नाही. सगळ्यांना तेल पाजून ठेवलंय. हे आधीपासून ठरलेलंच होतं.

७, शुक्रवार
गुरुवार वाया गेला, नटांमुळे. आज जुने पाटे निघाले. माझ्या पायावर. नव्या संचातली, चाकाचा आस जिच्यावर बसतो ती मधली पिन बरोबर मध्ये नाही, एक बाजू लांब आहे. कंपनीचा ढिसाळ कारभार! सासरे म्हणाले, जुने कसे होते ते बघून लावा. त्या गंजक्या धुडाला पुन्हा हात लावायचा? किळस येते. शिवाय लांब बाजू पुढे घेतली की रुबाबदार दिसतं. तशीच घेतली.

८, शनिवार, संध्याकाळ
बसवलं! उजव्या बाजूला हात लावायची गरजच नाही. चक्कर मारून आलो. गाडी सरळ जाते, फक्त तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. रस्त्यालाच उतार आहे. मागचं चाक मडगार्डला घासून जळका वास येतो. नवे पार्ट सुरुवातीला वास मारतातच. एक रिक्षावाला ओरडून गेला, चाक वाकडं आहे म्हणून. लोकांना नाक खुपसायची भारी हौस. हिला सांगितलं, उद्या सकाळी लवकर निघू.

९, रविवार
निघालो. कोपऱ्यावर टायर फाटला.
 हिने फोन करून टेम्पो बोलावला, कुंड्या त्यात चढवायला लागली. मी एक उचलायला गेलो तर म्हणाली, तुझे हात ग्रीसचे आहेत, पानं खराब होतील. मग पुढच्या सीटवर बसून निघून गेली. फार वाईट वाटलं.

१६, रविवार
हॉटेलवाल्यांना झाडं आवडली. आता दर आठवड्याला पाठवायचीत. आनंद आहे. ने-आण हिने टेम्पोवाल्याला दिली. मला विचारलंही नाही. मी म्हटलं, अंगणात ओढून आणलेला ट्रक मेकॅनिककडे नेतो. म्हणाली, राहू दे, तिथे ऊन छान येतं. सकाळी हिने ट्रकच्या हौद्यात रोपांचे ट्रे मांडले.
रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय. किती घालायचं, ते पहिला आठवडा सासरे शेजारी उभे राहून दाखवणार आहेत.