करंजओहळातील दोन नवरंग यादीतून वजा करणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
करंजओहळ वनपरिक्षेत्र, जि. नाशिक.

अर्जदार : श्रीमती सुधा बाळाजी गायधनी, निवृत्त बँक कर्मचारी, रा. गंगापूर रोड, नाशिक.

विषय : जूनच्या पक्षीगणनेत नोंदवलेले दोन नवरंग (नर) हे मोबाइल असल्याने ते यादीतून कमी करणे व त्यांच्या भरवशावर जाहीर झालेला 'नवरंग महोत्सव' रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या फलकावरील महोत्सवाची सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की,

१. मी 'रानवेध' या हौशी निसर्ग छायाचित्रकारांच्या मंडळाची जुनी सभासद आहे. रविवारी डोंगरात जाऊन फोटो काढणे, ते ग्रुपवर टाकणे आणि महिन्यातून एकदा सातपूरच्या हॉलमध्ये जमून त्यांवर चर्चा करणे, हे मंडळाचे काम. चर्चा या शब्दाने आपला गैरसमज होऊ नये. कोणी कशाचाही फोटो टाकला की आधी 'अप्रतिम' येते आणि पाठोपाठ 'लोकेशन?' येते. पक्षी कोणता, असे विचारणारा सभासद मला अजून भेटायचा आहे. हॉलमधल्या सभेत कोणाची लेन्स केवढी यावर चहा थंड होईपर्यंत बोलणे चालते.

२. अध्यक्ष श्री. धवल यांनी गेल्या वर्षी अंजनेरीच्या डोंगरामागून उगवणाऱ्या पूर्ण चंद्राचा फोटो टाकला. चंद्र परातीएवढा होता. सर्वांचे 'अप्रतिम' लिहून झाल्यावर सचिव श्री. तनय यांनी, चंद्र उत्तरेकडून कसा काय उगवला, एवढेच विचारले. त्या प्रश्नावरून मंडळ फुटले. सध्या 'रानवेध' आणि 'अस्सल रानवेध' अशी दोन मंडळे कार्यरत असून कोणी कोणाचे तोंड पाहत नाही. मी दोन्हीकडे आहे, कारण मला काढायचे दोघांच्याही लक्षात आले नाही.

३. करंजओहळ गावामागच्या ओहळात दरवर्षी पावसाळ्यात नवरंगाची एक जोडी येते. यंदाही आली आहे, आणि घरट्यात पिल्ले आहेत. घरटे नेमके कुठे आहे ते या अर्जात लिहीत नाही. आपल्या कार्यालयातले कागद संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दिसतात, हा अनुभव असल्याने राग मानू नये.

नवरंगाच्या नराला दुसऱ्या नराची शीळ ऐकू आली की तो हातातले काम टाकून त्याला हाकलायला धावतो. छायाचित्रकारांना हे पक्के ठाऊक आहे. ते मोबाइलवर शीळ वाजवतात, पक्षी चवताळून समोर आला की फोटो काढतात, आणि खाली 'तीन तासांच्या संयमाचे फळ' असे लिहितात. तेवढा वेळ पिल्ले उपाशी असतात.

४. गणनेच्या दिवशी 'रानवेध' ओहळाच्या वरच्या अंगाला बसले होते आणि 'अस्सल रानवेध' खालच्या. मध्ये करवंदीच्या जाळ्या आणि मी. श्री. धवल यांनी शीळ वाजवली. खाली श्री. तनय यांना वाटले, पक्षी बोलला. त्यांनी उत्तर वाजवले. ते ऐकून श्री. धवल यांना खात्री पटली आणि त्यांनी आवाज वाढवला. सकाळभर हे दोन मोबाइल एकमेकांना हद्दीतून हुसकावत होते. शेवटी दोन्ही मंडळांनी 'नर एक, आवाजावरून' अशी नोंद आपल्याकडे दिली व आपल्या कार्यालयाने त्यांची बेरीज केली.

खरा नर मी पाहिला. तो एकदा वर धावे, एकदा खाली, आणि शत्रू कुठेच नसे. नऊच्या सुमारास तो जमिनीवर बसून राहिला, चोचीतला किडासुद्धा टाकून. त्याची नोंद कोणीच केली नाही, कारण त्याने तोंडच उघडले नाही.

५. आता या बेरजेवरून ओहळाच्या काठी येत्या रविवारी महोत्सव आहे. मंडप उभा राहणार आहे, आणि ध्वनिक्षेपकावरून शीळ ऐकवून 'नवरंगाला साद' असा कार्यक्रम आहे. दोन मोबाइलनी त्या पक्ष्याची जी अवस्था केली ती मी वर लिहिली आहे. ध्वनिक्षेपक लागला तर जोडी घरटे सोडून जाईल आणि पिल्ले मरतील. माझी तक्रार एवढीच आहे. बाकी मजकूर रागाच्या भरात वाढला आहे.

गावातूनही मला साथ नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. ओहळाशी चहाची टपरी चालवणाऱ्या सगुणाबाई म्हणाल्या, "ताई, पक्षी एक असो का तीन, माणसं येऊ राहिली, चहा खपू राहिला. तुमचं काय जाऊ राहिलं?" त्यांचे चुकत नाही. मंडळातल्या एकालाही त्या चहापलीकडे काही विचारावेसे वाटले नाही, मग त्यांनी तरी का विचार करावा?

६. मी आपल्या कार्यालयात समक्ष आले असता, तो आवाज पक्ष्याचा नव्हता याचा पुरावा जोडा, असे मला सांगण्यात आले. तो पुढीलप्रमाणे. त्या दिवशी वरून शीळ आली की तिच्यामागून एक खोकला येई. खालून शीळ आली की तिच्यामागूनही तोच खोकला. दोन्ही मंडळे एकच ध्वनिमुद्रण वापरतात आणि शीळ संपताच दोघेही कॅमेऱ्यात डोके घालत असल्याने दोघांनीही ते शेवटपर्यंत कधी ऐकलेले नाही. नवरंग खोकत नाही, याबाबत आपण कोणत्याही तज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा.

७. खोकला माझे यजमान कै. बाळाजी यांचा आहे. त्यांना दमा होता. तरी ते पहाटे याच ओहळात जाऊन बसत, आणि नवरंगाची ती शीळ त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती, घरी बसून ऐकायला. त्यांच्या शोकसभेत ऐकवतो म्हणून श्री. धवल यांनी ती माझ्याकडून नेली आणि सभेआधीच ग्रुपवर टाकली.

गणनेच्या दिवशी पहिला खोकला आला तेव्हा मी वळून पाहिले. मग तो दुसऱ्या बाजूनेही आला. मला रडू आले आणि बरेही वाटले, हे लपवत नाही. अजून थोडा वेळ वाजू द्यावे, असेही वाटले. मग समोर तो पक्षी धावताना दिसला.

सबब, दोन्ही नर यादीतून कमी करावेत, महोत्सव रद्द करावा, आणि ओहळात कोणीही शीळ वाजवू नये असा लेखी आदेश द्यावा. पक्षी दिसला की यजमान खोकला दाबून धरत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांच्याच आवाजाने ते घरटे मोडू नये, ही कळकळीची विनंती.

रविवारच्या आत निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सुधा बाळाजी गायधनी
नाशिक, दि. ७ जुलै २०२५

सोबत :
१) मूळ ध्वनिमुद्रणाचा पेन ड्राइव्ह. कृपया शेवटपर्यंत ऐकावा.
२) कै. बाळाजी गायधनी यांच्या मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत. गणनेच्या दिवशी ते ओहळात हजर नव्हते, याचा पुरावा म्हणून.