विल्मॉट जहाजावरचा आचारी

कासिम, सलाम.

तुझ्या हिंजवडीच्या नव्या हॉटेलाचं मेनूकार्ड माझ्या सुमय्याने मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. म्हणे, आमचे दादाजान लढाईतल्या विल्मॉट जहाजाचे कप्तान, आणि विल्मॉट ही गोऱ्यांनी त्यांनाच दिलेली पदवी.

अरे, विल्मॉट हा कुणी गोरा साहेब, जहाज बांधलं त्याच्या शंभर वर्षं आधी मेलेला. हे दादाजाननेच आपल्याला सांगितलेलं. मालाच्या जहाजांना पाणबुड्यांपासून राखायला विल्मॉट सोबत जायचं, आणि दादाजान त्यावर आचारी. जहाज डोलायचं, तर देग साखळीने बांधून दीडशे माणसांना जेवू घालायचा.

कार्डावरच्या फोटोतली त्याच्या हातातली पळी तू कापलीस आणि डोक्यावर कप्तानाची टोपी चिकटवलीस. बघून शिसारी आली. त्याच्याच पद्धतीचा रस्सा विकतोस, मसाला माझ्याकडून कुटून नेतोस, आणि आचारी म्हणायची लाज वाटते?

वर फोन करतोस, "आपा, शुक्रवारी उद्घाटनाला पाहुण्यांसमोर दोन शब्द बोल. तुझं सगळे खरं मानतील."

मानतील ना. सुमय्याच्या सोयरिकीत मीच म्हटलं होतं, आमचे दादाजान आरमारात साहेब होते. तू शेजारीच बसलेलास, मान खाली घालून चहा पीत राहिलास. तिच्या सासरी अजून तेच मानतात. तिच्या सासूबाईही शुक्रवारी येणार आहेत.

म्हणून हे पत्र तुला धाडत नाही. उद्या आधी त्यांच्याकडे जाऊन खरं सांगून येते.

तुझी आपा,
रझिया