एक बटण फुकट

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच करतो, कारण जवळ आलो तर तू कान धरशील.

तुझं दुकान मी तुला न विचारता नकाशावर टाकलं. झालं असं, आमच्या ऑफिसातला एक जण कामासाठी तुमच्याकडे आला होता. त्याच्या कोटाला रफू करायचं होतं, म्हणून तुझा पत्ता दिला. तो बिचारा गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरला. त्या सायकलवाल्याच्या मागे तू अशी दडून बसली आहेस की पोस्टमनलाच काय ती सापडतेस. म्हणून फोनवर तुझ्या दुकानाचं पान उघडलं आणि जाहीर करून टाकलं, की जो कोणी दुकानात बसून चेक-इन करेल, म्हणजे 'मी आत्ता इथे आहे' असं आपल्या मित्रमंडळींना कळवेल, त्याला एक बटण फुकट लावून मिळेल. तुझ्याकडे बटणांच्या बरण्या भरून पडल्या आहेत. दिवसभर माशा मारत बसते, असं गेल्या पत्रात तूच लिहिलं होतंस, तेव्हा आता कुरकुर नको.

आईची तब्येत ठीक, आवाज खणखणीत. जावईबापू दर रविवारी येतात, तिच्याजवळ बसतात आणि बारकीचा विषय निघाला की डोळे पुसतात. चार महिने झाले तिला नवऱ्याचं घर सोडून, कोणाला न सांगता जाऊन. एवढं काय भांडण झालं असेल? सख्खी धाकटी बहीण, पण मला तिचा रागच येतो. तुला काही कळवलं असेल तर लपवू नकोस.

लोभ आहेच, बटणांवरून तो कमी करू नकोस.

तुझा,
टिल्ल्या

११ मार्च

चि. टिल्ल्यास,

अनेक आशीर्वाद. कान भेटीत धरीन.

तुझ्या उद्योगापायी मी पार मेटाकुटीला आले आहे. बाकावर बसायला जागा नसते. माणसं आत येतात, आधी फोन बाहेर काढतात आणि मग पिशवीतली पँट. एक बसड्रायव्हर आहेत, ते धड असलेली बटणं स्वतःच तोडून आणतात असा मला दाट संशय आहे. एक शाळेतल्या बाई आहेत, त्यांच्या घरात रोज काही ना काही उसवतं. बाकावरच त्यांच्या गप्पा रंगतात आणि मला मशीन थांबवून त्यांना गप्प करावं लागतं. खरं सांगू का, बरं वाटतं. भर दुपारी एकटीच दाराकडे बघत बसायचे, ते दिवस परत नकोत.

एक गोष्ट मात्र नीट ऐक, ही थट्टा नाही. पडद्याच्या आतला फोटो कोणीही काढायचा नाही. मदतीला एक बाई ठेवली आहे, रफूचं सगळं तीच करते. तिला चारचौघांत यायला आवडत नाही. तसं तुझ्या पानावर लिही आणि कारण विचारू नकोस. फोनही करू नकोस. तू फोन केलास की आई शेजारी कान लावून बसते आणि तिच्या पोटात काही राहत नाही, रविवारी तर नाहीच नाही.

बारकीचं विचारलंस. जिथे असेल तिथे दोन वेळा जेवत असेल आणि दाराला आतून कडी घालून झोपत असेल, एवढं मनाशी धर. इतकी गरीब पोर पायात चप्पलही न घालता घरातून का निघाली असेल, याचा आधी विचार कर आणि मग रागाव.

लोभ मोठ्या बहिणीचा आहे, मागावा लागत नाही.

ताई

२३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आजचा नमस्कार ताठ मानेने आहे.

तुझा हुकूम पाळला, पडद्याचं पानावर लिहून टाकलं. पण तुझ्या त्या शाळेतल्या बाईंनी पडद्याच्या फटीतून एक फोटो काढलाच. घाबरू नकोस, त्यात चेहरा नाही. नुसते हात आहेत, काळ्या कोटावर सुई धरलेले, आणि डाव्या हाताची करंगळी जरा बाहेर वाकलेली. बाईंनी खाली लिहिलं, की भोक कुठे होतं ते शोधून दाखवा. लोकांनी तो फोटो एकमेकांना इतका पाठवला की मी तोच पानाच्या वर लावला. कोण गं ही बाई? तिच्या हातात कसब आहे. आईची ती शाल आपल्या बारकीनं अशीच सांधली होती. जाऊ दे, तो विषय नको.

रविवारी जावईबापूंना दाखवला. ते एरवी कशात लक्ष घालत नाहीत, पण फोन हातात धरून बसले ते बसलेच. चहा निवून गेला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग दुकान कुठे, उघडतं कधी, गर्दी कधी कमी असते, सगळं विचारून घेतलं. मी गल्लीसकट नकाशा दाखवला. म्हणाले, की एकदा जाऊन येईन, माझंही एक बटण तुटलं आहे. तेवढाच त्या बिचाऱ्याला विरंगुळा. आले तर चांगला चहा पाज.

तू लोभ वाढव, मी गिऱ्हाईक वाढवतो.

तुझा,
टिल्ल्या

२८ मार्च

टिल्ल्या,

आशीर्वाद नंतर.

तो येऊन गेला. तुझं पत्र त्याच सकाळी आलं होतं, गर्दीत फोडायचं राहिलं. मुकाट रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर फोन माझ्यापुढे धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, की चेक-इन केलं आहे, बटण लावून द्या. मी सुई उचलली तर म्हणाला, की तुमच्या हातचं नको, आतल्या बाईंच्या हातचं हवं. तेवढ्यात पडद्यामागे कात्री पडली.

आतली बाई म्हणजे आपली बारकी. नोव्हेंबरात एका सकाळी दुकान उघडायला खाली आले तर पायरीवर अनवाणी बसली होती. तेव्हापासून माझ्याकडे आहे. ती करंगळी त्याने दारात चेमटून मोडली आणि डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही, म्हणून वाकडी जुळली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा बोट सरळ होतं. त्यामुळे तुला तो हात परका वाटला, आणि त्याने बघताक्षणी ओळखला. तुला सांगितलं नाही, कारण तुला सांगितलं की ते आईला कळणार, आणि आईला कळलं की त्याला. तिला अजून तो देवमाणूस वाटतो.

पुढचं मला लिहवत नाही. त्याने तिला हात लावला नाही. मात्र जाताना मला सांगून गेला, की पुन्हा येईन, गर्दी नसेल तेव्हा. तुला फोन केला तर आईने उचलला आणि जावयाचं कौतुक सुरू केलं. मी ठेवून दिला. म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे. पान, नकाशा, तो फोटो, हे पत्र वाचशील त्या क्षणी काढून टाक.

ताई

२ एप्रिल

ताई,

काय लिहू. पान बंद केलं, नकाशावरची खूण काढली. फोटोही काढला, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला कसा काढायचा ते मला येत नाही.

पायात चप्पल नव्हती असं तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. तुला हे कसं माहीत, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. तो माझ्या घरात चहा पीत बसला होता आणि दुपारी जेवणाच्या वेळेला दुकानात कोणी नसतं, हे त्याला मीच सांगितलं. मला माझी लाज वाटते.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, की संसार म्हटला की थोडंफार व्हायचंच, आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येतो आणि बारकीला घेऊन जातो. लांब एका मित्राची खोली रिकामी आहे. तिथे तिला कोणीही शोधू शकणार नाही. तिचं सामान बांधून ठेव.

लोभ मागायला तोंड नाही.

टिल्ल्या

७ एप्रिल

टिल्लूदादास,

बारकीचा नमस्कार. ताई शेजारी बसून माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते आहे, तेव्हा पत्र लांबलं तर दोष तिचा.

शनिवारी जरूर ये, पण मला न्यायला नको.

ताईने जे लिहिलं नाही ते मी लिहिते. त्या दिवशी मी पडद्याबाहेर आले. शूर म्हणून नव्हे. कात्री पडली, आत कोणी आहे हे सगळ्यांना कळलं, आणि लपायला माझ्यापाशी एक कापड तेवढं होतं. तो म्हणाला, की चल, आई वाट बघते आहे. मी त्याच्या हातातला शर्ट घेतला, बटण लावलं, दोरा तोडला आणि म्हणाले, की घ्या, मी घरी येणार नाही. त्याला अहो-जाहो केलं ते शेवटचं. तो माझा दंड धरायला पुढे सरकला, तसे ड्रायव्हरकाका बाकावरून उठले आणि त्याला म्हणाले, की तुमचं काम झालं असेल तर बाजूला व्हा, पुढचा नंबर माझा आहे. शाळेतल्या बाई फोन त्याच्याकडे रोखून उभ्या राहिल्या. बाकीचेही उठले. तेव्हा तो गेला.

तू पान बंद केलंस आणि बाक रिकामा झाला. ताई जेवायला वर गेली की खाली मी एकटी असते. दारात कोणाची सावली पडली तरी टाका चुकतो. आता तो आला तर पुढचा नंबर माझा आहे असं म्हणायला कोणी नसेल. तुझ्या मित्राच्या खोलीत तर बाकसुद्धा नाही, दादा. तुझ्यावर रागावले होते, खूप रागावले होते. पण त्या दिवशी ती माणसं तिथे बसली होती तीही तुझ्यामुळेच.

ताईला घेऊन पोलीस चौकीत गेले, लेखी तक्रार दिली. त्याचं काय होईल ते माहीत नाही. भीती गेली असं समजू नकोस, ती रोज माझ्याआधी उठून बसते.

म्हणून पान पुन्हा उघड. बटणाचं तसंच राहू दे, फक्त जेवणाच्या वेळेला चेक-इन करणाऱ्याला दोन बटणं फुकट, असं लिही. नुसत्या हातांचा फोटो नको. सोबत दुसरा पाठवते आहे, तो लाव. बाईंनीच काढला, पण या वेळी मला विचारून, पडद्याच्या बाहेर. त्यात मी समोर बघते आहे. हसू काही आलं नाही, चालवून घे. खाली माझं नाव लिही.

लावण्याआधी तो आईला दाखव, मोठा करून, करंगळीसकट. रविवारी तो तिच्याजवळ बसलेला असताना दाखवलास तरी माझी हरकत नाही.

लोभ होता तसाच आहे.

तुझी,
बारकी