चार हजारांवर थांबायचे होते

३ नोव्हें. ८५, कारधा
वसंता आला, मुंबईहून, न कळवता. विमानात दुय्यम वैमानिक, अन् भर कामाच्या दिवसांत घरी पायजम्यावर. हिला आनंद. मला नाही. विचारले तर, "चौकशी आहे, बाबा."

५ नोव्हें.
कळले. विमान सुटल्यावर एकदम वर जात नाही. आधी चार हजार फूट, तिथे थांबा. खालून परवानगी आली की सात हजार. मग पुढचे. उंचीचा आकडा समोरच्या डब्यात लावायचा, ते यंत्र विमान तिथवर चढवून सपाट उडवते. यांचे चार हजारांवर थांबलेच नाही. वरून दुसरे विमान जात होते. टळले, एवढेच.
म्हणजे डबा मठ्ठ! आमच्या वेळी आकाश पाहिले की ओळी सुचत. आता तिथे आकडे चढवतात, तेही धड नाही.
शेजारचा सोमाजी हसला, "आमचा बैल बी वावर संपलं का धुऱ्यावर थांबते जी, गुरुजी!"

६ नोव्हें.
डबा निर्दोष. आकडा वसंतानेच लावला होता. थेट शेवटचा, एकोणीस हजार. "मधले टप्पे लक्षात ठेवतो आम्ही. सगळेच तसं करतात." लक्षात! रेडिओवर कोणी बोलले, लक्ष उडाले.
कॅप्टन म्हणतो, यंत्र बिघडले असे लिही, दोघेही सुटू. खरे लिहिले तर याचे उडणे बंद. भेकड कॅप्टन. आणि हा कोरा कागद घेऊन बसलाय.

७ नोव्हें.
शार्दूलविक्रीडित. बाराव्या अक्षरावर थांबा. वर्गात ओळीवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायचो : बारा अक्षरे उघडी, सात झाकलेली. पोर थांबले की सरकवायची. सगळी नोकरी त्यात गेली. फक्त वसंताला पट्टी लावली नाही. सात वर्षांचा, अख्खा श्लोक एका दमात म्हणायचा, अन् मी शहापूरच्या पाहुण्यांपुढे मिरवायचो.
डब्याला मठ्ठ म्हणणारा मी.

८ नोव्हें.
जुन्या पुस्तकातली पट्टी काढून त्याच्यापुढे टाकली. "पुढचं तेवढंच दिसू द्यायचं. चार हजार लावायला काय झालं होतं?"
भडकला. "मले कायले सांगता आता? तेव्हा तर तुम्हीच टाळ्या वाजवत होते!"
ही पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय, कोण जाणे.

९ नोव्हें.
दुपारी त्याची बस. कागद लिहून टेबलावर ठेवलाय, त्यावर माझी पट्टी. पहिली ओळ उघडी : 'उंची मी लावली होती.' बाकी झाकलेले.
"वाचा, बाबा."
पट्टीवर बोट ठेवून बसलोय. सरकवत नाही. पुढचा शब्द 'पण' असला तर