हिरवा दोरा

२० नोव्हेंबर १९९९, शनिवार

आज विभागात सरांनी सगळ्यांसमोर माझ्याबरोबरच्या वैशालीचं कौतुक केलं आणि मी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागल्या.

पीएचडीसाठी सटाण्याकडच्या सोयरिकींचं जाळं दोन वर्षं कॉम्प्युटरवर मांडतोय मी. गाव म्हणजे ठिपका, लग्न म्हणजे रेघ. अंतर वाढलं की रेघा कमी. सगळं जुळायचं, फक्त दोन गावं अडायची. नकाशावर अगदी शेजारी, पण आपसांत एकही लग्न नाही. मी लिहून टाकलं, जुनं भांडण असेल.

वैशालीने काय केलं? भिंतीवरच्या नकाशावर एक हिरवा दोरा रस्ता वळेल तसा वळवत नेला, डोंगराला वळसा घालून. मग तो ताणून पट्टीवर धरला. शेजारची गावं लांबची निघाली. झालं! एवढ्याशा दोऱ्याचं केवढं कौतुक! मी आपला सरळ रेषेतलं अंतर धरून बसलेलो.

हिलाच कसं सुचलं? निघताना न राहवून विचारलंच.

"अरे, तुझ्या आईंनी सांगितलं," ती हसली. "परवा तुझ्या घरी गेले होते, तू नव्हतास. त्या म्हणाल्या, 'पोरी, मधे डोंगर शे ना!'"

त्यातलं एक गाव आईचं माहेर. लहानपणी एसटीतून त्याच डोंगराला वळसा घालून, उलट्या करत, मामाकडे जायचो मी. आणि दोन वर्षांत आईला एकदाही विचारलं नाही.

आत्ता तिचा शिवणाचा डबा उघडून पाहिला. हिरवं रीळ त्यातच आहे.