जिना क्रमांक चारमधील मांजराबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
भाडे-वसाहत विभाग, नगरपालिका
(खिडकी क्र. ५ मार्फत)

अर्जदार : त्सुनेओ इमाओका, वय ७४, निवृत्त जहाज-रंगारी
राहणार : शिओमी वसाहत, इमारत २, जिना क्र. ४, तिसरा मजला, डावे घर

विषय : घरात मांजर ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत, परवानगी देता येत नसल्यास, घरात मांजर नाही असे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ३ जूनचे पत्र. २) भाडेकरार, नियम ९ व नियम १४.

महोदय,

१. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे खिडकी क्र. ५ वर सांगण्यात आले. तसे लिहिले आहे. अर्जदाराला लिहिण्याची सवय नाही. चाळीस वर्षे जहाजांच्या बुडाला रंग लावण्यात गेली आणि घरातले लिहिणे-वाचणे पत्नी फुसाए पाहत असे. तिचे या वर्षी ९ फेब्रुवारीला निधन झाले. त्याची नोंद आपल्याकडे आहेच, कारण आठव्या दिवशी आपले पत्र आले की या घरात राहणाऱ्यांची संख्या दोनवरून एक करण्यात आली आहे. ती संख्या चुकीची आहे. हा अर्ज त्याबद्दल आहे.

२. अर्जदार यंदा जिना क्र. ४ चा प्रमुख आहे. हे पद कोणी मागून घेत नाही. दर एप्रिलला ते एका घरातून पुढच्या घरात सरकते आणि त्यासोबत झाडू, दिव्यांचा खोका व सूचनांची फिरती पाटी सरकते. ३ जूनला आपले पत्र आले : या जिन्यात मांजर असल्याची निनावी तक्रार आहे, नियम १४ प्रमाणे कुत्रा व मांजर पाळण्यास मनाई आहे, तरी प्रमुखाने चौकशी करून दोषी भाडेकरूचे नाव कळवावे, दोषी भाडेकरूने ३१ जुलैपर्यंत मांजर हलवावे अथवा घर सोडावे. अर्जदाराने चौकशी केली. तिला फार वेळ लागला नाही. मांजर त्या वेळी आपल्या पत्रावरच बसले होते.

३. पत्रातील आज्ञेप्रमाणे सूचना पाटीला लावून जिन्यातील दहाही घरांत फिरवायची होती व प्रत्येकाने वाचल्याबद्दल आपल्या नावाचा शिक्का मारायचा होता. अर्जदाराने पहिला शिक्का मारला आणि भात उतरवायला उठला. परत येऊन पाहतो तो शाईच्या डबीचे झाकण उघडेच राहिलेले, आणि अर्जदाराच्या शिक्क्याशेजारी, चौकटीच्या आत, मांजराच्या पंजाचा लाल ठसा. ओल्या फडक्याने पुसला, तर तो आणखी मोठ्या मांजराचा दिसू लागला. कचेरीचा कागद फाडण्यास मनाई आहे. पाटी एका दिवसापेक्षा जास्त घरात ठेवण्यासही मनाई आहे. म्हणून ती तशीच समोरच्या घरी दिली. पाच दिवसांनी ती परत आली तेव्हा पंजाखाली नऊ शिक्के ओळीने होते. फक्त पहिल्या मजल्यावरील श्री. कुसुनोकी यांनी पंजाभोवती पेन्सिलीने गोल काढून ‘वाचले, समजले’ असे लिहिले होते. पाटी आपल्या कचेरीत जमा झाली आणि ‘शिक्के दहा, पूर्ण’ अशी नोंद होऊन परत आली. पंजा मोजण्यात आला नाही.

४. मांजराची माहिती नियमाप्रमाणे देणे आवश्यक आहे. मादी, वय सुमारे तेरा, वजन साडेतीन किलो, रंग मळकट पिवळा. नऊ वर्षांपूर्वी फुसाएने ते ती कामाला जात असे त्या कारखान्याच्या मागून आणले. अर्जदाराने त्याच वेळी सांगितले होते की हे नियमात बसत नाही. ती म्हणाली, “तुम्ही तरी कुठे बसता? तीस वर्षं ओल्या चपला आत आणता, मी कधी तक्रार केली?” आवाज बाहेर गेला तर संशय येऊ नये म्हणून तिने मांजराला आपल्या धाकट्या बहिणीचे नाव दिले. बहिणीचे नाव कियोनो. त्यामुळे घरातून ‘कियोनो, ओट्यावरून खाली उतर’ असे ऐकू आले की जिन्यातल्या लोकांना वाटे, बहीण आली आहे. नऊ वर्षांत बहीण दोनदा आली. ती फार येते अशी तिची ख्याती मात्र झाली.

अर्जदाराला मांजरे आवडत नाहीत. या मांजरालाही अर्जदार आवडत नाही. रोज सकाळी अर्जदार देवघरातील फुसाएच्या फोटोपुढे भाताची पहिली वाटी ठेवतो तेव्हा मांजर तिथे येऊन बसते, पण ते भक्तीने बसते असा दावा नाही. भाताला वाफ असते व मांजराला ऊब लागते. फुसाए बारा दिवस रुग्णालयात होती. रोज पहिला प्रश्न एकच : “कियोनोला औषध दिलंत का?” अर्जदाराबद्दल तिने विचारले नाही. अर्जदार निरोगी होता.

५. मांजर हलवण्याचा प्रयत्न झाला नाही असे कचेरीने समजू नये. १५ जूनला अर्जदाराने ते टोपलीत घालून, बोटीने, समोरच्या बेटावर मेहुणीकडे नेले. मेहुणीने विचारले, “हिचं नाव काय?” खोटे सांगण्यासारखे काही सुचले नाही. मेहुणीने टोपलीत वाकून पाहिले. मग म्हणाली, “म्हणजे भाऊजी, नऊ वर्षं ताई या मांजराला माझ्या नावानं रागवत होती? ‘मेली खादाड कुठली’ हे फोनमधून मागे ऐकू यायचं, ते मीच का?” अर्जदाराने खुलासा केला की नाव तिचे होते, खादाडपणा मांजराचा होता. मेहुणी म्हणाली, “ताईचं काही सांगता येत नाही.” आणि मग तोंडाला पदर लावावा तसा हाताने रुमाल लावून आत गेली. ती हसत होती की काय, हे अर्जदाराला कळले नाही.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला. “भाऊजी, तुमचं मांजर कपाटावर चढून बसलंय. ताजा बांगडा पुढे ठेवला तरी तोंड लावत नाही. बरं, तुम्ही आज काय जेवलात?” अर्जदाराने सांगितले, चहा. “आणि काल?” कालही चहाच होता. “तुम्हा दोघांना काय, माझ्या बहिणीच्या मागोमाग जायचंय का? उद्या पहिल्या बोटीने आणते तिला परत. आणि नियम-बियम मला सांगू नका.” ती मांजर आणि शिजवलेला भोपळा घेऊन आली. भोपळा अर्जदाराने खाल्ला. मांजराने नंतर मासळी खाल्ली. कोणी आधी खाल्ले, हे या अर्जात महत्त्वाचे नाही.

६. १ जुलैला आपल्या कचेरीने दुसरा तक्ता पाठवला. प्रत्येक घराने शिक्का मारून कळवायचे होते की आपल्या घरात वा जिन्यात मांजर नाही. प्रमुखाने दहा तक्ते गोळा करून द्यायचे होते. नऊ तक्ते दोन दिवसांत आले. नऊही घरांनी लिहिले आहे : मांजर नाही, पाहिले नाही, ऐकले नाही. चौथ्या मजल्यावरील श्रीमती उजिता यांनी जास्तीची नोंद केली आहे की जिन्यात कधी म्याव असा आवाज आल्यास तो त्यांच्या पोपटाचा समजावा; पोपट पिंजऱ्यात असून नियम १४ प्रमाणे त्याला मुभा आहे. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून पोपटाला म्याव शिकवत आहेत. पोपट अजून ‘या, बसा’ एवढेच म्हणतो. श्रीमती उजिता यांचा म्याव मात्र आता चांगला जमू लागला आहे, व त्यामुळे या जिन्यात पूर्वी नव्हता इतका मांजराचा आवाज होतो. अर्जदाराने त्यांना थांबण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “इमाओका काका, तुम्ही गप्प राहायचं काम करा. बाकीचं आम्ही बघतो.”

७. दहावा तक्ता अर्जदाराचा. खोट्यावर शिक्का मारता येत नाही इतका अर्जदार सज्जन नाही. गोदीत असताना दोन हात रंग लावून तीन हात लागल्याचे शिक्के त्याने मारले आहेत, आणि ती जहाजे अजून तरंगत आहेत. परंतु एकट्या राहणाऱ्याच्या तक्त्यात शिक्क्याच्या वर स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहायचे आहे : ‘या घरात माझ्याशिवाय दुसरा कोणताही जीव राहत नाही.’ अर्जदाराने चार दिवस प्रयत्न केला. ‘या घरात माझ्याशिवाय’ इथपर्यंत लिहून होते. पुढे लिहून होत नाही.

८. म्हणून ८ जुलैला अर्जदार खिडकी क्र. ५ वर आला. तेथील श्री. ओत्सुबो सौजन्याने वागले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी तेव्हाचा अर्ज (हा त्यानंतर नीट लिहून काढला आहे) पहिल्या ओळीपर्यंत वाचला, आजूबाजूला पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “आजोबा, हे मी पाहिलंच नाही असं समजा. तक्ता भरा आणि घरी जा.” अर्जदाराने विचारले, पाहिलेच नाही तर पोच कशी देणार? ते म्हणाले, “पोच मागू नका ना! पोच दिली की नोंद होते, नोंद झाली की मला तुमच्या घरी यावं लागतं. मला मांजराच्या केसांनी शिंका येतात.” अर्जदाराने पोच मागितली. त्यांनी दिली. देताना त्यांना तिथेच शिंक आली.

९. वरील परिस्थितीत विनंती अशी :

मांजर जिवंत असेपर्यंत त्याला घरात राहू द्यावे. त्याचे मूत्रपिंड अधू आहे. पशुवैद्यांच्या मते दोन वर्षे, फार तर तीन. अर्जदाराचेही वय पाहता कचेरीला फार काळ त्रास होणार नाही.

तेवढे शक्य नसल्यास, नियम ९ प्रमाणे नातेवाइकाला तीस दिवसांपर्यंत पाहुणा म्हणून राहता येते. अर्जदार दर तिसाव्या दिवशी मांजराला टोपलीतून बोटीच्या धक्क्यापर्यंत नेऊन परत आणण्यास तयार आहे. पाहुण्यांच्या वहीत ‘कियोनो’ असे नाव लिहिल्यास ते खोटे होणार नाही. मेहुणीची संमती आहे. फक्त वयाच्या रकान्यात तेरा लिहू नये, लोक हसतील, असे तिचे म्हणणे आहे.

आणि हेही शक्य नसल्यास, आपल्यापुढे मांजर नाही असे सांगणारे नऊ शिक्के आहेत आणि आहे असे सांगणारा अर्जदार एकटा आहे. कचेरीत बहुमत चालत असेल तर मांजर नाही असे आपण ठरवावे. अर्जदाराची हरकत नाही. तसे लेखी द्यावे, म्हणजे नसलेले मांजर ३१ जुलैला हलवावे लागणार नाही.

१०. निर्णयापूर्वी आपण स्वतः पाहणीस यावे. कोणत्याही दिवशी, पण दुपारी चारनंतर लगेच. फुसाए मासळीच्या वड्यांच्या कारखान्यातून चार वाजून पाच मिनिटांनी जिना चढून येत असे. त्या वेळी मांजर दाराच्या आत, चपलांपाशी येऊन बसते. आपली पावले ऐकून ते उठेल. दार उघडल्यावर ते आपल्याकडे पाहणार नाही, आपल्या मागे पाहील आणि मग पुन्हा खाली बसेल. यात कचेरीचा अवमान करण्याचा हेतू नाही. अर्जदार बाहेरून येतो तेव्हाही ते तसेच करते. अर्जदार आता दारात जरा बाजूला सरून उभा राहतो, म्हणजे मांजराला जिना नीट दिसावा. आपणही तसे उभे राहावे, एवढीच विनंती.

तेहतीस वर्षांपासूनचा आपला भाडेकरू,
त्सुनेओ इमाओका
(शिक्का)
प्रमुख, जिना क्र. ४
दि. ११ जुलै

सोबत :
१) शेजारच्या नऊ घरांचे तक्ते, शिक्क्यांसह.
२) पशुवैद्यांचा दाखला.
३) अर्जदाराचा तक्ता, अर्धवट.